तिसऱ्या मिनिटाचं पान

नानांनी बोटाच्या पेराने स्पीकरच्या कुशीवर टकटक केली आणि कान लाकडाला लावला. मग थोडं खाली, मग आणखी खाली, मग पाठीमागून. छातीएवढ्या उंचीचा तो काळा खांब डॉक्टरसमोर उभ्या केलेल्या पोरासारखा निमूट उभा होता.

"छाती साफ आहे," नाना म्हणाले.

दुकानदार हसला, पण बेताने. नाना आत आल्याबरोबर त्याने पंखा बंद केला होता, फोन गल्ल्यात टाकला होता आणि दारावरची पाटी उलटी केली होती. हा माणूस बत्तीस वर्षं रेकॉर्डिंग स्टुडिओत काचेमागच्या खुर्चीत बसला, हे त्याला ठाऊक होतं. स्टुडिओत नानांना कुणी नावाने हाक मारत नसे. सगळे 'कान' म्हणत. कान आले का, कानाला विचारा, कानाला पसंत नाही, पुन्हा घ्या. मोठमोठी माणसं गाऊन झाली की काचेपलीकडे बघत, आणि कानाची मान हलेपर्यंत घोटभर पाणीही पीत नसत.

"सीडी माझी लावा," नाना म्हणाले, आणि मधल्या खुर्चीत बसले.

छोटी त्यांच्या मागे, भिंतीला टेकून उभी राहिली. छोटी बावन्न वर्षांची होती, शिवणकाम करून घर चालवत होती आणि चष्म्याशिवाय तिला सुईत दोरा ओवता येत नव्हता. पण तिच्यामागून नानांना दुसरं मूल झालंच नाही, तेव्हा ती छोटीच राहिली.

सीडी तिला पाठ होती. एका बाईचा आवाज आणि एक व्हायोलिन, बाकी काही नाही. तिसऱ्या मिनिटाला व्हायोलिन थांबतं, बाई एकटीच गात असते, आणि तेवढ्यात व्हायोलिनवाला समोरच्या कागदाचं पान उलटतो. सुकलेल्या पानावर पाय पडावा इतकीच सळसळ. तो तेव्हा हातापाया पडला होता, एवढं काढून टाक म्हणून. नानांनी काढलं नाही. "खोलीत माणसं होती, एवढं तरी कळू दे," म्हणाले. तेव्हापासून नाना कुठलाही स्पीकर त्या पानावर जोखत. पान ऐकू आलं की त्यांचं उजव्या हाताचं एक बोट वर जाई. बोट वर गेलं की स्पीकर पास.

पहिली जोडी वाजली. बाईचा आवाज दुधासारखा खोलीभर पसरला. छोटीला पान ऐकू आलं, अगदी स्वच्छ. नानांचं बोट खुर्चीच्या हातावर तसंच राहिलं. त्यांची नजर समोरच्या घड्याळावर होती.

"दुसरी लावा."

दुसरी आणखी चांगली होती. दुकानदार नकळत पुढे झुकला. पान उलटलं. बोट हललं नाही.

तिसरी जोडी सुरू झाली आणि दुकानदाराचा एक डोळा बारीक झाला. बाईच्या तोंडून निघणारा प्रत्येक 'स' सहाणेवर घासल्यासारखा येत होता. व्हायोलिनची तार थेट दातांत शिरत होती. छोटीने ओठ आवळले. तिसऱ्या मिनिटाला पान उलटलं ते पान राहिलंच नव्हतं, कुणी पत्रा मोडल्यासारखं वाटलं.

नानांचं बोट वर गेलं.

"हेच," ते म्हणाले.

दुकानदाराने छोटीकडे पाहिलं. छोटीने सीडीच्या डबीकडे.

"साहेब, ही जोडी जरा... मोकळं बोलते," दुकानदार म्हणाला.

"बोलू दे. कुणीतरी मोकळं बोलायला हवं."

नाना पुढे जाऊन टॅक्सी बघू लागले तेव्हा दुकानदार पावती लिहिता लिहिता हळूच म्हणाला, "ताई, खरं सांगू? ही जोडी मी दोनदा विकली आणि दोनदा परत आली. पण साहेबांना मी कोण सांगणार? त्यांची रेकॉर्डिंगं ऐकून मी हा धंदा शिकलो."

"मी त्यांची मुलगी आहे," छोटी म्हणाली, "मला तरी कुठे सांगता येतंय."

नानांचे कान गेले होते. एका दिवसात नव्हे; कापडाचा रंग उतरतो तसे, धुण्याधुण्याला थोडे थोडे. आधी कुकरची शिट्टी गेली, मग दाराची घंटा, मग पाखरं. दोन वर्षांपूर्वी डॉक्टरांनी एक कागद दिला होता, त्यावरची रेघ अर्ध्यापर्यंत सरळ चालून मग घसरगुंडीवरून खाली गेली होती. नानांनी कागदाची घडी घालून खिशात ठेवली. कानात घालायचं यंत्र आणलं, ते डबीसकट टेबलाच्या खणात होतं. "त्यातून सगळी माणसं पत्र्याच्या डब्यातून बोलतात," एवढं एकदाच म्हणाले. त्यानंतर तो विषय घरात निघाला नाही. छोटी जरा मोठ्याने बोलू लागली, आणि मोठ्याने बोलतेय असं दिसू नये म्हणून जरा भांडखोरही.

टॅक्सीत नाना खुशीत होते.

"रविवारी दोघांना बोलावू," ते म्हणाले. "व्हायोलिनवाल्याला आणि बाईंना. स्टुडिओ बंद झाल्यापासून एकत्र बसलो नाही. ऐकू दे त्यांना, आपण काय करून ठेवलंय ते."

"या रविवारी?"

"मग कधी? सगळ्यांच्या गोळ्यांचे डबे बघ आता केवढे झालेत."

छोटीने खिडकीबाहेर पाहिलं. व्हायोलिनवाले आणि बाई. त्या दोघांना अर्धं मिनिट पुरणार होतं. पहिल्याच 'स'ला ती एकमेकांकडे बघतील, मग नानांकडे, मग सभ्यपणे चहाकडे. कुणी काही बोलणार नाही. जाताना जिन्यात तेवढं बोलतील, की कान गेले. बत्तीस वर्षांचं नाव स्वतःच्या घरात, स्वतःच्या खुर्चीत बसून संपणार, आणि ते संपलंय हे फक्त नानांनाच कळणार नाही.

हातात पाच दिवस होते.

स्पीकरसाठी ठरलेली खोली छोटीची शिवणाची होती. तिने ती महिन्यापूर्वीच मोकळी केली होती. मशीन बाहेरच्या खोलीत खिडकीखाली आलं आणि कापडाचे गठ्ठे आत्याच्या पलंगाखाली गेले. आत्या म्हणजे नानांची धाकटी बहीण. तिचे कान शाबूत होते आणि हे आपलं दुर्दैव आहे असं ती येणाऱ्याजाणाऱ्याला सांगे.

बुधवारी दुकानातून जोडणीवाला आला. स्पीकर कसे ठेवायचे हे तो सांगू लागला, तेव्हा नानांनी त्याला हाताने थांबवलं.

"भिंतीपासून लांब. भिंतीला चिकटवले की ढोल वाजतो. छोटे, टेप आण तुझी."

छोटीने गळ्यातली टेप काढली. मग तासभर त्या खोलीचं माप घेणं चाललं. भिंतीपासून अंतर, एका स्पीकरपासून दुसऱ्याचं अंतर, आणि तेवढंच अंतर प्रत्येकापासून खुर्चीपर्यंत. नाना सांगत, छोटी माप धरी आणि शिलाईच्या निळ्या खडूने फरशीवर खूण करी. स्पीकरच्या पायांना टोकदार खिळे होते. फरशीला चरे पडू नयेत म्हणून प्रत्येक खिळ्याखाली एक एक नाणं सरकवायचं होतं. जोडणीवाला स्पीकर तिरका धरी आणि छोटी पालथी पडून नाणी सरकवी.

"बावन्न वर्षांची बाई पलंगाखाली चेंडू शोधतेय," आत्या दारातून म्हणाली.

"आत्या, तू चहा टाक."

"टाकलाय. तुझ्या वडिलांच्या खेळण्यांना पण हवाय का विचार."

मग स्पीकर आतल्या बाजूला वळवायचे होते, केसभर, पुन्हा केसभर. दोन्ही खुर्चीकडे अचूक वळले की आवाज स्पीकरमधून येत नाही, मधल्या मोकळ्या जागेतून येतो. तिथे काहीच नसतं, रिकामी भिंत असते, आणि बाई तिथेच उभी राहून गाते. पण ती दिसते एकाच खुर्चीतून. जरा डावीउजवीकडे सरकलं की बाई नाहीशी होते आणि दोन लाकडी खोकी उरतात.

छोटीला हे लहानपणापासून ठाऊक होतं, पण ऐकीव. शाळेला सुट्टी असली की नाना तिला स्टुडिओत नेत आणि आपल्या खुर्चीच्या मागे एका स्टुलावर बसवत. हलायचं नाही, खोकायचं नाही, खुर्चीला हात लावायचा नाही. त्या खुर्चीत आईदेखील कधी बसली नव्हती. छोटी तासन्‌तास नानांची पाठ बघत बसे. त्या पाठीवर सगळं लिहिलेलं असे. गाणं जमत नसलं की खांदे कानांकडे चढत. जमलं की अर्धा इंच खाली येत. काचेपलीकडची माणसं मान हलायची वाट बघत असायची, छोटीला खांद्यांवरून आधीच कळलेलं असे.

पुढे ती शिवायला लागली तेव्हा हेच कामी आलं. अंगावर कपडा चढवून बाई आरशासमोर उभी राहते आणि छान झालाय म्हणते. छोटी तोंडाकडे बघत नसे. मदतीला येणाऱ्या मुलींनाही ती तेच सांगे, की गिऱ्हाईक तोंडाने खोटं बोलतं, खांद्यांनी नाही.

"झालं," नाना म्हणाले आणि खुर्चीत बसले. सीडी लागली.

आत्या चहाचा ट्रे घेऊन आत आली, ती दारातच थांबली.

"अगं बाई! ही गातेय की माझ्या कानात दाभण घालतेय?"

"काय म्हणाली?" नानांनी मान वळवली.

"छान आहे म्हणाली," छोटी ओरडली.

जोडणीवाल्याने खाली बघून पिशवी आवरली. जिन्यात त्याने चपला घालताना घसा खाकरला.

"ताई, मोठ्या माणसांच्या मधे बोलू नये. पण तो वरचा छोटा गोल तुकडा असतो ना, बारीक आवाज काढणारा, त्याच्यावर आतून एखादं जाड कापड टाकलं तर दात बोथट होतात. बाहेरून दिसत नाही."

"कापड?"

"कापडच. ते तुम्हाला मी काय सांगणार."

शुक्रवारी संध्याकाळी नाना फिरायला गेल्यावर छोटीने खोलीचं दार लोटलं. स्पीकरच्या तोंडावर काळ्या कापडाची चौकट होती; नखाने उचलली तर खटकन निघाली. कोटाच्या कॉलरखाली घालायचं फेल्टचं जाड कापड तिच्याकडे उरलेलं होतं. तिने दोन गोल कापले, बशीएवढे. चौकटीच्या आतल्या बाजूने, जिथे तो छोटा तुकडा येतो तिथे, बारीक हातटाक्यांनी बसवले. काळ्या कापडात काळा दोरा. समोरून एक टाका दिसेल तर शपथ. शेवटी तिने सवयीने गाठ न मारता तीन उलट्या टिपा घातल्या. गाठ टोचते, असं तिला आईने शिकवलं होतं, आणि स्पीकरला काही टोचत नाही हे टिपा घालून झाल्यावर तिच्या लक्षात आलं.

सीडी लावून ती दारापाशी उभी राहिली. खुर्चीत बसायचं तिच्या मनातही आलं नाही.

बाईचा आवाज खाली उतरला होता. 'स' आता 'स'सारखा होता. व्हायोलिनमध्ये लाकूड आलं होतं. तिसऱ्या मिनिटाला पान उलटलं, हलकेच, उलटावं तसं.

"आता माणसात आली," आत्या बाहेरून म्हणाली.

छोटीने डोळे पुसले आणि चौकट नीट बसलीय ना, हे बोटाने चाचपून पाहिलं.

शनिवारी सकाळी नाना आंघोळ करून, इस्त्रीचा शर्ट घालून खुर्चीत जाऊन बसले. दार उघडंच होतं. छोटी बाहेरच्या खोलीत मशीनवर होती. मान जरा वळवली की नानांची पाठ दिसे. तिने पाय चालूच ठेवले, पण खाली कापड नव्हतं.

बाई गाऊ लागली. व्हायोलिन आलं, थांबलं. नानांनी समोरच्या घड्याळाकडे पाहिलं. खुर्चीच्या हातावरचं बोट जरासं उचललं गेलं, आपलं आपण, आणि तिथेच अडकल्यासारखं राहिलं. पान उलटून गेलं होतं. छोटीने ते दुसऱ्या खोलीतून ऐकलं.

नानांनी सीडी पुन्हा पहिल्यापासून लावली. आवाज वाढवला. पुन्हा घड्याळ. पुन्हा बोट. मग तिसऱ्यांदा. तिसऱ्यांदा बोट उचललं गेलं नाही. खांदे मात्र खाली आले. गाणं जमल्यावर यायचे तसे नव्हे, खुंटीवरून कपडा घसरावा तसे.

मशीनचं चाक आपोआप फिरून थांबलं.

नाना बाहेर आले, माठातून पाणी घेतलं, प्यायले नाहीत.

"उद्याचं राहू दे," ते म्हणाले. "त्यांना फोन करून सांग."

"का? काय झालं?"

"काही नाही. बरं वाटत नाही. पुन्हा कधीतरी."

"नाना, बाई इतक्या लांबून येणार आहेत. त्यांनी मुलाला सुट्टी घ्यायला लावलीय."

"म्हणून तर आजच सांग म्हणतोय."

ते आत गेले. छोटी हातातल्या कात्रीकडे बघत बसली. दुकान तिच्या डोळ्यांसमोर आलं. पहिली जोडी, बोट खाली. दुसरी जोडी, बोट खाली. दोन्ही वेळा त्यांनी घड्याळ पाहिलं होतं. पान कधी येणार हे त्यांना सेकंदावर ठाऊक होतं. ते आलं नाही, आणि ते का आलं नाही हेही त्यांना ठाऊक होतं. तिसऱ्या जोडीवर ते आलं. नाना फसले नव्हते. ज्या स्पीकरमधून त्यांना त्यांचं पान मिळत होतं तो एकच स्पीकर त्यांनी घेतला होता. आणि तिने बशीएवढं फेल्ट कापून त्यावर बसवलं होतं.

ती कात्री घेऊन उठली.

नाना खुर्चीत नव्हते. ते फरशीवर बसले होते, निळ्या खुणांच्या मधोमध, आणि डाव्या स्पीकरची चौकट त्यांच्या मांडीवर पालथी होती. आतल्या कडेवरून त्यांचं बोट हळूहळू फिरत होतं. शेवटच्या तीन टिपांवर ते थांबलं.

"टाका तुझा आहे," ते म्हणाले.

छोटीने हातातली कात्री मिटली.

"चाळीस वर्षं तुझे शर्ट घालतोय. गाठ नसते."

"उसवते मी. पाच मिनिटांचं काम आहे."

"आधी बस इथे."

ती समोर बसली. जवळून बोललं तर नानांना बरं ऐकू येई. शिवाय ते ओठ बघत. ते ओठ बघतात हे तिला माहीत होतं, आणि तिला माहीत आहे हे त्यांनाही.

"किती वाईट होता?" नानांनी विचारलं.

"काय?"

"स्पीकर. कापड घालायच्या आधी."

छोटीने फरशीवरची खडूची रेघ अंगठ्याने पुसली.

"आत्या म्हणाली, दाभण."

नाना हसले. आवाज न करता, नुसते खांद्यांनी.

"त्या दुकानदाराचा डोळा मिटला होता. काचेत दिसला मला. मी म्हटलं, चला, एकाला तरी ऐकू येतंय."

"मग घेतलेत कशाला?"

"तू बोलली का नाहीस?"

बाहेर आत्या भांडी लावत होती. झाकणं जरा जास्तच हळू ठेवत होती.

"मला वाटलं, उद्या दोघांना पान ऐकवावं," नाना म्हणाले. "मीही ऐकावं. तिघांनी एकदम. तेवढंच. ती दोघं काय म्हणतील हे डोक्यातच आलं नाही बघ. इतका हावरटपणा."

"मी उसवते. उसवून टाकते. त्यांना काय म्हणायचंय ते म्हणू दे."

"नको."

"नाना..."

"बाईंचा आवाज मी असा जाऊ देणार नाही. त्यांनी तो चांगला दिला होता." त्यांनी चौकट उचलून तिच्या हातात दिली. "लाव परत. तू बरोबर जागी कापड घातलंयस. तुला कुणी सांगितलं?"

"जोडणीवाल्याने."

"त्याला दुकानात ठेवून वाया घालवतायत."

छोटीने चौकट बसवली. ती उठून बाहेर जायला निघाली तेव्हा नाना खुर्चीच्या पाठीवर हात ठेवून उभे होते.

"बस," ते म्हणाले.

"कुठे?"

"खुर्चीत. कुठे म्हणजे काय?"

ती अशी बसली की कुणी उठवलं तर चटकन उठता येईल. नानांनी बाहेरून तिचं मशीनचं स्टूल आणलं, खुर्चीच्या मागे ठेवलं आणि त्यावर बसले. त्यांचे गुडघे करकरले.

"हलायचं नाही," ते मागून म्हणाले. "खोकायचं नाही."

सीडी सुरू झाली. आणि समोरच्या रिकाम्या भिंतीपुढे, जिथे काहीच नव्हतं, तिथे एक बाई येऊन उभी राहिली. तिच्या तोंडाची उंची कळत होती. ती श्वास घेई ते कळत होतं. तिच्या डाव्या हाताला, दोन पावलं मागे, व्हायोलिनवाला होता. छोटीने ही सीडी शेकडो वेळा ऐकली होती, भिंतीतून, दारातून, भाजी चिरताना. माणसं अशी उभी असतात हे तिला ठाऊक नव्हतं. आपले हात मांडीवर कधी उघडे पडले, तेही तिला कळलं नाही.

व्हायोलिन थांबलं. बाई एकटी गाऊ लागली.

डाव्या बाजूला, दोन पावलं मागे, कुणीतरी कागद उलटला.

"आत्ता," नाना मागून म्हणाले. मग जरा थांबून, "आत्ताच ना?"

तिने वळून पाहिलं. ते घड्याळाकडे बघत नव्हते.

"तूच सांगतेस ना तुझ्या शिवणाच्या मुलींना," ते म्हणाले, "तोंडाकडे बघू नका म्हणून."

रविवारी चार वाजता दोघं आली. बाई मुलाच्या हाताला धरून जिना चढल्या. मुलगा त्यांना सोडून तासाभराने येतो म्हणून गेला. व्हायोलिनवाले दोन मजले एकटे चढले आणि वर आल्यावर पाच मिनिटं तसं सांगायलाही त्यांच्यात दम नव्हता.

"काय रे, कान!" ते शेवटी म्हणाले. "अजून सगळ्यांना पुन्हा गायला लावतोस का?"

"आता चहाच पुन्हा प्यायला लावतो."

"ते पान काढलंस की नाही?"

"नाही."

"पंचवीस वर्षं! नातवंडंसुद्धा हसतात मला. आजोबा, तुमचं ते पान, म्हणतात. एवढं वाजवलं आयुष्यभर, लक्षात काय राहिलं, तर कागद."

"माझं तरी काय राहिलंय," बाई म्हणाल्या. "लोक विचारतात, त्या पानाच्या आधी गाता ते तुम्हीच का?"

आत्याने बाईंना आपल्याजवळ बाजूच्या गादीवर बसवलं आणि त्यांच्या गुडघ्यांची चौकशी सुरू केली. व्हायोलिनवाल्यांनी खोली पाहिली, स्पीकर पाहिले, फरशीवरच्या निळ्या खुणा पाहिल्या आणि खुर्चीपाशी येऊन थबकले.

"बस," नाना म्हणाले.

"मी? तुझ्या खुर्चीत?"

"पाहुणा आहेस."

"जन्मात कधी काचेच्या या बाजूला येऊ दिलं नाहीस."

"म्हणून तर म्हणतोय, बस."

व्हायोलिनवाले बसले. नाना त्यांच्या मागे स्टुलावर बसले. कुणाला त्यात काही वावगं वाटलं नाही. यजमान मागेच बसतो. छोटी दारात उभी राहिली, हातात सुईदोरा आणि कुणाच्या तरी बाहीची कड घेऊन.

सीडी सुरू झाली. पहिला 'स' आला आणि छोटीने श्वास रोखला. बाईंनी हळूच डोळे मिटले. आत्याचं गुडघ्यांबद्दलचं वाक्य अर्ध्यावर राहिलं. खुर्चीत व्हायोलिनवाल्यांची मान थोडी कलली, हनुवटी डाव्या खांद्याकडे गेली, तिथे वाद्य असावं तशी.

नाना घड्याळाकडे बघत नव्हते. त्यांची नजर समोरच्या पाठीवर होती, जुन्या ढगळ कोटाच्या दोन खांद्यांवर, आणि ती तिथून हलत नव्हती.

व्हायोलिन थांबलं. बाई एकटी गाऊ लागली.

पान उलटलं. पंचवीस वर्षांपूर्वीची चूक कुणीतरी पुन्हा बोटाने टोचावी तसा व्हायोलिनवाल्यांचा डावा खांदा चुकचुकल्यासारखा वर गेला.

नानांचं बोट वर गेलं.

"बघा!" बाईंनी डोळे उघडले होते. "कान अजून तसाच आहे."

व्हायोलिनवाल्यांनी वळून पाहिलं, वर केलेलं बोट पाहिलं आणि हसत हात जोडले. बोट जरा वेळ तसंच वर राहिलं.

बोटाला किंचित उशीर झाला होता. एक खांदा वर जायला आणि तो मागच्याला दिसायला जेवढा वेळ लागतो, तेवढाच. छोटीने बाहीची कड उजेडाकडे धरली आणि पुढचा टाका घातला.